साठीचं ताट

घरचा पाणी भरायचा पितळेचा गुंड मोडीत देऊन स्टील घ्यायला निघालेली सत्यभामाबाई सिहोऱ्याच्या थांब्यावर तुमसरच्या बसची वाट पाहत बसली होती. मागं दोन भांडेवाले बोलत होते.

“डोमाजीशेठच्या साठीले भाषण झकास केलं तुम्ही, टेकचंदभाऊ.”

“मनातलं बोललो गा, खुशाल. पितळेचा धंदा त्यायनंच शिकवला आपल्याले.”

“मंग मानाचं ताट स्टीलचं काहून देल्लं?”

“पितळ आता कोण ठेवते? तुह्या दुकानात तरी हाय का?”

“नाही.”

सत्यभामाबाईनं गुंड दुसऱ्या मांडीवर घेतला.

“शेठ ताटाले टिचकी मारून काय म्हणले रे? मी तिकडं फोटोले उभा होतो, खुशाल.”

“आपल्याले पितळ पारखाले शिकवलं तसंच कानाशी धरलं. दोनदा वाजवलं. मंग म्हणले, ‘नाद आयकू नाही येऊन राहिला. माहेच कान गेले गा, पोट्टेहो.’”