पूजेतला पाना

लडकू : ...तेच सांगतंय तुना. सागरचं लगीन झालं त्याच सालचा हाय ह्यो पाना. दोन हजार एकोनीस. घरात हळद चाललेली, मांडवात वाजंत्री बसलेले, आन् मी तुझ्या दुकानात ह्याच्या भावावरनं भांडत व्हतो.

केसरीनाथ : आठवतंय ना. तुमच्या घरून फोनवर फोन, नवऱ्याचा बाप हरवला म्हणून. शेवटी मीच म्हटलं, माझा आहेर समजा आणि घेऊन जा एकदाचा.

लडकू : आहेर कसला. पैसं मोजून घेतलेस.

केसरीनाथ : कमी घेतले, लडकूदादा, कमी घेतले. (दुसऱ्या गिऱ्हाइकाला) हां भाई, लूम का पट्टा सामनेवाली दुकान में, इधर सिर्फ हार्डवेअर और गाडी का सामान है। (लडकूला) बोला दादा. काय झालं ह्या टॉर्क पान्याला?

लडकू : खोटं बोलतंय, असं मना वाटतं. एकशे वीसवर लावला, तर नट तेवढा कसायच्या आधीच टक् करत असंल. तुझ्याकडं तपासायचं मशीन हाय ना? लाव त्याच्यावर.

केसरीनाथ : वर्षातून एकदा आणा, तपासून देतो, असं तेव्हाच सांगितलं होतं. आणलात एकदा तरी?

लडकू : न्हाय आणला. आता आणलाय.

रूपा : तो बरोबर निघेल, बाबा.

लडकू : निघू दे की. मशीन सांगंल.

केसरीनाथ : ह्या सूनबाई ना? लग्नात बघितलं होतं, पण मुंडावळ्यांच्या आड कोण ओळखतंय. सागर नाही आला? पूर्ण्याहून भिवंडीत यायला त्याला काय होतं? अरे, ह्याच्यावर तर हळद आहे. दांड्याच्या खाचांत बसलीय. दादा, लग्नातली हळद अजून जपून ठेवलीत की काय?

रूपा : दसऱ्याची आहे. मागच्या दसऱ्याची.

केसरीनाथ : आणि अजून तशीच? म्हणजे तेव्हापासून पाना उचललाच नाही?

लडकू : तू आधी मशीनवर लाव रं.

(केसरीनाथ पाना तपासणीच्या मशीनला लावून ओढतो. टक् असा आवाज होतो. पुन्हा ओढतो. पुन्हा टक्.)

केसरीनाथ : पहिल्यांदा एकशे एकोणीस. दुसऱ्यांदा एकशे वीस. घड्याळासारखा आहे, दादा. मी विकलेला माल आहे शेवटी.

लडकू : परत लाव.

केसरीनाथ : परत लावला तरी तेच येणार.

लडकू : लाव म्हणतंय ना मी.

केसरीनाथ : हे बघा. एकशे वीस. तुमच्या डोळ्यांसमोर.

लडकू : थोडा तरी कमी दाखवत असंल. तुझं मशीनच जुनं हाय.

केसरीनाथ : मशीनचा कागद भिंतीवर लावलाय, तो बघा. काय माणूस आहात तुम्ही. लोक पाना बरोबर निघावा म्हणून देवाला हात जोडतात, आणि तुमचं तोंड उतरलं.

रूपा : त्यांना तो खोटा निघायला हवा होता.

केसरीनाथ : का?

लडकू : रूपा, ऱ्हाऊ दे.

रूपा : का राहू दे? दुकानदाराला सांगितल्याशिवाय तो नवीन पाना कसा दाखवणार? केसरीनाथशेठ, मागच्या दसऱ्याला माझा भाऊ पिकअप घेऊन आमच्या गॅरेजवर आला होता. प्रितेश. फुलांचं भाडं होतं त्याचं, झेंडूचं. कल्याणला माल उतरवून परत वज्रेश्वरीला निघाला होता. पूर्ण्याला मागचं चाक पंक्चर झालं. सागरने चाक काढलं, पंक्चर काढलं, चाक परत चढवलं. आणि नट कसायला पाना नव्हता.

केसरीनाथ : नव्हता कसा? हा होता ना.

रूपा : हा पूजेत होता. हळद-कुंकू लावून, वर फुलं ठेवून.

केसरीनाथ : अच्छा.

लडकू : सकाळी पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी हलवायची. मधी हत्याराला हात लावत न्हाईत. माझ्या बापानं लावला न्हाय. मी न्हाय लावला. तुझ्या दुकानात बी त्या दिवशी तराजू पूजेत असतो. तू देतंस का कुनाला खिळं तोलून?

केसरीनाथ : नाही देत.

लडकू : मंग?

केसरीनाथ : मी काही बोललो नाही, दादा.

रूपा : सागरने विचारलं होतं. बाबा, उचलू का एक मिनिट? बाबा म्हणाले, पूजेतलं उचलायचं न्हाय, गाडीतल्या पान्यानं कस. मग त्याने गाडीतलाच पाना घेतला आणि वर पाय देऊन कसले नट. भावाला म्हणाला, उद्या सकाळी ये, नीट बघतो. अंबाडीच्या पुढे चाक निघालं.

केसरीनाथ : वहिनी, मी ऐकलं होतं त्या अपघाताचं. पण तो तुमचा भाऊ होता, हे नव्हतं ठाऊक. मघाशी ते हळदीचं बोललो मी.

रूपा : तुम्हाला काय माहीत.

लडकू : मना एवढंच बघायचं व्हतं, केसरी. पाना खोटा निघाला असता, तर सागरला सांगितलं असतं, तू त्या दिवशी ह्यो उचलला असतास तरी उपेग न्हवता. चाक निघायचं ते निघालंच असतं. त्याला तेवढं सांगायला पायजे व्हतं कोनीतरी.

रूपा : सागरला की तुम्हाला, बाबा?

लडकू : आता तू बोल. तुना बोलायचा हक हाय.

केसरीनाथ : पाणी घ्या. घ्या वहिनी. सागर काय करतो आता?

लडकू : गॅरेजवर येतंय. बसतंय. चाकाचं काम आलं की दांड्याला पाईप लावून कसतंय. एवढं कसतंय की बोल्ट तुटतात. गेल्या महिन्यात एका टेम्पोचे तुटले. न्हाय तुटले तर परत ढिलं करतंय, परत कसतंय. गिऱ्हाईक किती वेळ उभं ऱ्हाणार? दुसऱ्याकडं जातंय. ह्या पान्याला तर हातच लावत न्हाय. पूजेच्या पाटावर तसाच पडून व्हता. काल मीच उचलला.

रूपा : मी बघते ना रोज.

केसरीनाथ : तुम्ही तिथेच राहता ना?

रूपा : नाही. दसऱ्यापासून माहेरी आहे, वज्रेश्वरीला. पण ड्युटी पूर्ण्यालाच, गोडाऊनमध्ये. बस गॅरेजवरूनच जाते. शटर अर्धं वर असतं. आत तो टायरवर बसलेला दिसतो, भिंतीकडे तोंड करून.

लडकू : मी परवा गेलो व्हतो वज्रेश्वरीला, हिला बोलवायला. हिचा बाप महादू ओटीवर बसला व्हता. पाणी दिलं आन् उठून आत गेला. त्याचा तरी काय दोष.

रूपा : नवीन पाना दाखवा, शेठ.

केसरीनाथ : वहिनी, पितृपक्ष चाललाय. ह्या दिवसांत कोणी नवीन हत्यार घेत नाही. आठ दिवस थांबा, घट बसले की घ्या.

रूपा : आजच घ्यायचाय.

केसरीनाथ : दाखवतो. हा बघा, हा हलका आहे, चकचकीत. खूप जातो.

रूपा : ह्याच्यासोबत तपासल्याचा कागद येतो?

केसरीनाथ : नाही येत. खरं सांगू? घरी स्वतःच्या कारचं चाक बदलणाऱ्याला ठीक आहे. गॅरेजला सहा महिने नीट चालेल, मग ह्याच्या मनाला येईल तिथे टक् करेल.

लडकू : मंग दाखवतंस कशाला?

केसरीनाथ : दाखवला नाही तर म्हणाल, स्वस्तातला लपवला. हा घ्या, डिजिटल. आकडा दिसतो, लाईट लागते, शिटी वाजते. मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हेच वापरतात.

लडकू : सेल संपला तर?

केसरीनाथ : तर दुसरा सेल घाला, दादा. टॉर्चमध्ये घालता ना?

रूपा : हा नको. आकडा दिसला की सागर आकड्याकडेच बघत बसेल. एकशे वीस आला तरी त्याला वाटेल, एकशे एकवीस करू. मग बावीस.

केसरीनाथ : मग टक् वालाच घ्या, जुन्यासारखा. हा चाळीसपासून दोनशेपर्यंत. पिकअपचे, जीपचे नट ह्याच्या मधल्या पट्ट्यात येतात. पाना मधल्या पट्ट्यात चालवायचा. अगदी वरच्या टोकाला किंवा खालच्या टोकाला तो तितका भरवशाचा नसतो. म्हणून उगाच मोठा घेऊ नका. हायवा डंपरच्या चाकाला हा चालणार नाही, त्याला वेगळा लागतो. आणि हा त्याचा कागद, नंबर टाकलेला.

रूपा : आवाज किती येतो?

केसरीनाथ : चांगला येतो. का?

रूपा : पूर्ण्याच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनर जातात. कंटेनर जात असला की टक् ऐकू येत नाही. मग तो परत ओढेल.

केसरीनाथ : हे बरोबर बोललात. हे कुठलं गिऱ्हाईक विचारत नाही. इकडे या. ह्या शिकंज्यात नट धरलाय. तुम्हीच ओढा. दांडा शेवटाला धरा, झटका नको, सावकाश.

रूपा : हां. हाताला लागलं.

केसरीनाथ : लागलं ना? आवाज नाही आला तरी मूठ सांगते. तिथे थांबायचं. आणखी एकदा नाही ओढायचं. लोक टक् झालं की वरून एक हात जास्त मारतात, मनाच्या समाधानाला. मग पाना घेऊन काय उपयोग?

रूपा : दुसरा कुठला आहे, ह्याच्यापेक्षा जास्त झटका देणारा?

केसरीनाथ : हा लांब दांड्याचा बघा. ओढायला हलका जातो, पण झटका मऊ.

रूपा : मग पहिलाच. बाबा, तुम्ही ओढून बघा.

लडकू : मी कशाला. तू घेतंस ना.

रूपा : ओढा.

लडकू : हां. लागतंय. चांगला लागतंय.

केसरीनाथ : मग हाच बांधतो. काम झालं की आकडा खाली उतरवून ठेवायचा, आतल्या स्प्रिंगला आराम लागतो. गंजलेला नट ह्याने खोलायचा नाही. पाईप तर लावायचाच नाही. सागरला सांगा.

रूपा : मीच सांगेन त्याला.

लडकू : म्हंजे येतंस तू?

रूपा : एक गोष्ट ऐकलीत तर.

लडकू : बोल.

रूपा : हा पाना पूजेत ठेवायचा नाही.

लडकू : नवं हत्यार हाय, पोरी. पहिला दसरा त्याचा.

रूपा : म्हणूनच सांगते. दसऱ्याला गॅरेज उघडं राहील. सकाळपासून. त्या दिवशी सगळे गाड्या धुतात, हार घालतात आणि बाहेर काढतात. सागर तिथे असेल आणि हा त्याच्या हातात असेल.

लडकू : दसऱ्याला गॅरेज चालू? गाव काय बोलंल?

रूपा : गाव माझ्या माहेरी आलं होतं बोलायला. दहाव्याला. म्हणाले, दैवात होतं. तुम्ही पण तेच म्हणालात, बाबा, माझ्या आईच्या समोर.

लडकू : दुसरं काय बोलणार व्हतो मी?

रूपा : काहीच बोलू नका आता. फक्त हो की नाही, ते सांगा.

लडकू : माझ्या बापाचा घण हाय अजून घरात. तो बी पूजेत असतो. सगळी हत्यारं एका पाटावर. मी लहान व्हतो तेव्हापासनं त्या दिवशी घरात लोखंडाचा आवाज न्हाय ऐकला. ते बंद कर म्हणतंस?

रूपा : घणाची पूजा करा. बाकी सगळ्याची करा, मी नारळ आणते. हा नाही.

लडकू : केसरी, तू सांग हिला.

केसरीनाथ : मी काय सांगू, दादा? मी दुकानदार. माझा तराजू मी पूजेत ठेवतो, कारण एक दिवस खिळे मिळाले नाहीत म्हणून कोणी मरत नाही.

लडकू : तू बी तिकडंच.

रूपा : बाबा, बस आहे माझी. शिफ्ट दोनला सुरू होते.

लडकू : देवाला काय सांगू मी?

रूपा : देवाने पाना मागितला नव्हता. तुम्ही दिलात.

केसरीनाथ : वहिनी.

लडकू : बोलू दे तिला. खरं हाय ते. बोलू दे. बरं. न्हाय ठेवत पूजेत.

रूपा : आणि गॅरेज?

लडकू : उघडतंय. मीच वर करीन शटर. सागर न्हाय आला तर?

रूपा : मी आणेन त्याला. आदल्या दिवशीच येते मी घरी.

लडकू : जेवायला येतंस की ऱ्हायला?

रूपा : आधी तो दिवस जाऊ दे, बाबा.

केसरीनाथ : जुना पाना मी घेऊ परत? चांगला आहे, कोणीतरी वापरेल.

रूपा : घ्या. हळद पुसून द्या ज्याला द्याल त्याला.

लडकू : पूस आत्ताच. माझ्यासमोर पूस.

केसरीनाथ : पुसतो. नव्यावर नाव घालून देऊ का? मशीन आहे माझ्याकडे. सगळे गॅरेजवाले घालून घेतात, हत्यार चोरीला जाऊ नये म्हणून. काय घालू, सागर गॅरेज, पूर्णा?

लडकू : तेच घाल.

रूपा : नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने भांडं देतात, त्यावर घालतात तसं घाला.

केसरीनाथ : दादा, घालू?

लडकू : ती सांगते तसं घाल. अक्षरं मोठी काढ. मना चष्म्याबिगर दिसली पायजेत.

केसरीनाथ : सांगा वहिनी, सावकाश सांगा.

रूपा : प्रितेश महादू शेलार, वज्रेश्वरी. वारला दसऱ्याच्या दिवशी, बारा ऑक्टोबर दोन हजार चोवीस.