ऐकणारे किती?

रेडिओ जोडायला घेताना आधी काय ठरवायचं, हे मला अकोल्याच्या एका दुकानदाराने शिकवलं. ट्रान्झिस्टर तेव्हा आपल्याकडे नुकतेच आले होते. बायको अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी छोटा रेडिओ जोडावा म्हणून मी अमरावतीहून अकोल्याला सुटे भाग घ्यायला गेलो होतो.

माझी यादी बाजूला सारून त्याने विचारलं, "मास्तर, आयकनारे किती?"

"एकच."

"मंग स्पीकर काहून घेता? इअरफोन घ्या. भाग कमी लागतीन, सेलही पुरतीन."

मला पटलं. चार दिवसांत रेडिओ जोडला आणि इअरफोन तिच्या कानात ठेवला. गाणं लागलं तशी ती हसली. मग तो काढून तिने माझ्या हातात दिला.

"मी गानं आयकीन, अन् तुमी काय माह्या तोंडाकडे पाहत बसान?"

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा अकोल्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "काय झालं मास्तर, इअरफोन बिघडला?"

"नाही. ऐकणारे दोन निघाले."

त्याने स्पीकर आणि त्याला लागणारे भाग काढून दिले. आम्ही दोघांनी तो रेडिओ पाच महिने ऐकला.

आता ऐकणारा एकच आहे. इअरफोन अजून खणात आहे. तो मी कानाला लावलेला नाही.