तिठ्यावरची मोहरी

तुम्ही हसाल, पण कान्हे गावाच्या तिठ्यावर आमची मोहरी उगवली होती. आमची म्हणजे प्रयोगशाळेतली, जनुकं बदललेली. ओळखू यावी म्हणून तिच्यात एक जास्तीचं जनुक घातलंय, बॅटरीच्या निळ्या उजेडात ती हिरवी चमकते. तिचं बी बाहेर न्यायला सक्त मनाई. उरलेलं बी तर मी स्वतः वाफेत शिजवून मारते.

प्रयोगशाळेच्या शेडमध्ये कामाला येणाऱ्या सखूमावशींना विचारलं.

"व्हय ताई, तुमच्या मारलेल्या बियांतली मूठभर मीच नेलती. पोराचा ताप हटंना, म्हणून त्याच्यावरनं उतरून तिठ्यावर टाकली. ताप लगीच गेला."

"पण मेलेलं बी उगवलं कसं?"

"ते मला काय म्हाईत? पर हात लावू नगा. उतारा जो उचलतो, त्याला लागतो."

एकही मजूर उपटायला तयार होईना. शेवटी दिवेलागणीला मीच गेले. बॅटरी मारली, तर सगळा तिठा हिरवा! मुळासकट उपटलं, जाळलं, घरी येऊन हात साबणाने खसाखसा धुतले.

मी असलं काही मानत नाही. फक्त ती बॅटरी अजून स्वतःच्या हातांवर मारून बघितलेली नाही.