निधनवार्ता गाळल्या, त्याची गोष्ट

अंध मंडळींसाठी मी रोज कोल्हापूरच्या बातम्या वाचून व्हॉट्सॲपवर पाठवते ना, त्यात एकदा फजितीच झाली. सकाळी सकाळी कुणाला वाईट वाटायला नको, म्हणून मी निधनवार्ता गाळायचे. एक दिवस आमचे श्रोते शामरावकाका यांचा कागलहून फोन आला.

“ताई, कोण गेलं ते का वाचत न्हाईसा?”

“उगाच मनाला लागतं, काका.”

“अवो, काल दोस्ताचा वाढदिवस म्हणून फोन लावला. उचलल्या उचलल्या ‘शंभर वर्षं जग’ म्हटलं. तिकडनं त्याचं पोरगं रडाय लागलं. बाप गेल्या आठवड्यातच गेलाय म्हणं!”

मी ओशाळले. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी निधनवार्ता वाचल्या. लगेच काकांचा फोन.

“ब्येस केलंसा, ताई. पर एवढ्या उत्साहानं वाचू नगा की!”