गोऱ्या नटाचे भाऊ

हसू नका, पण मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झालेल्या मला निजामाच्या राज्यात लातूरच्या तंबूत इंग्रजी बोलपट समजावून सांगायची नोकरी होती. मनाला येईल ते सांगायचो. एकदा एक गोरा नट सिनेमात मेला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सिनेमात हजर!

लोक ओरडले, "मास्तर, ह्यो तर मेलता की!"

मी ठोकून दिलं, "हा त्याचा भाऊ हाय."

तोही मेला. तिसऱ्या आठवड्यात तिसरा भाऊ आला, तसे अत्तरवाले चाचा रडवेले होऊन उठले. "मास्तर, ह्योबी मरनार काय? त्याच्या अम्मीनं किती सोसायचं?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "चाचा, हा जगणार."

दहाव्या मिनिटाला त्याला फाशी दिली. मी कनातीखालून सटकलो, तो थेट चाकूरला जाऊन थांबलो.