अकोल्याच्या साडूनं खोललेला टर्बो

तुमाले सांगतो, अकोल्याच्या माह्या साडूनं त्याच्या गाडीचा तेल गळणारा टर्बो, म्हंजे इंजिनात जास्त हवा ढकलाचा पंखा, घरीच खोलून नीट केला, अन् माही बायको आठ दिवस त्याचंच कौतुक करून राहिली. मी जळून खाक झालो. माही गाडीबी निळा धूर सोडत होती, म्हून मीबी अमरावतीत तिचा टर्बो खोलला, तेल अडवाचे नवे सील टाकले अन् गाडी चालू केली. पयल्यापेक्षा जास्त निळा धूर!

शेवटी साडूलेच बोलावलं. तेल परत जाच्या पाइपचं गॅस्केट मी उलटं बसवलं होतं, म्हून तेल तुंबून जळत होतं. त्यानं ते सरळ केल्याबरोबर धूर बंद.

बायको चहा घेऊन आली. "भाऊजी, तुमीच केलं ना?"

साडू माह्याकडं बोट दाखवून म्हणे, "नाही वो ताई, सारं यायनंच केलं. मी नुसता पाहून राहिलो होतो."

लेकाच्यानं मले धड जळूबी देल्लं नाही!