मिठाच्या पाण्याचे दोन ड्रम

ओमानमधल्या अल अमेरातच्या आमच्या लोणच्याच्या फॅक्टरीत नायक सर नवीन मॅनेजर आले, तेव्हाचं सांगतो. त्यांचा पहिला हुकूम काय, तर मिठाचं पाणी कुणी चाखून बघायचं नाही, आकड्यांनी ठरवायचं. म्हटलं, बरं.

ड्रममध्ये वीस टक्के मिठाचं दहा लिटर पाणी होतं. लिंबं भिजवायला पाच टक्क्यांचं हवं होतं.

"चौपट पाणी घाल," सर म्हणाले.

"सर, सगळं मिळून चौपट व्हायला हवं. म्हणजे वरून तीसच लिटर घालायचं."

"तुमच्या गुहागरात घालत असाल तीस. चाळीस घाल. यल्ला, चल लवकर."

घातलं. मीटरवर चार टक्के आले. "मीठ कमी पडलं," म्हणत सरांनी स्वतः दोन किलो ओतलं. मीटर आठावर गेला. मग त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि अर्धं पाणी दुसऱ्या ड्रमात काढून दोन्हींत मिळून आणखी तीस लिटर पाणी घालायला लावलं. आले पाच टक्के.

"बघितलंस? फॉर्म्युला चुकत नाही."

फॉर्म्युला नव्हताच चुकला. फक्त चाळीस लिटर हवं होतं, तिथे ऐंशी झालं होतं.

तेवढ्यात अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, आले. त्यांना हिंदी चांगलं येतं. "आज दो ड्रम?"

"प्रॉडक्शन डबल किया, सर," नायक सर म्हणाले.

अर्बाबनी त्यांची पाठ थोपटली आणि ड्रममध्ये वाकून बघितलं. "और नींबू?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "वो इसका डिपार्टमेंट है."